किल्ली कोणाच्या हातात? सिव्हिलच्या साथीनं आधाराची घरं उभारण्याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. नाशिकच्या पंचवटीत वाघाडी नाल्याच्या बाजूला तुमच्या विश्वस्त संस्थेची दहा गुंठे जागा पडून आहे. सिव्हिलमधून, म्हणजे जिल्हा सरकारी रुग्णालयातून, डिस्चार्ज मिळतो पण परत जायला घर नसतं, अशा माणसांसाठी तिथे स्वस्त भाड्याची घरं बांधायची आणि रुग्णालयाला भागीदार करायचं, असा तुमचा विचार आहे. आर्किटेक्टनं पन्नास खाटांच्या हॉलचा नकाशाही दिला आहे. आता सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंत.

तो नकाशा सध्या बाजूला ठेवा. आधी हे ठरवा की राहणाऱ्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे असेल. प्रश्न साधा वाटतो, पण बावीस वर्षं या कामात घालवल्यावर मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो. त्यातली पहिली नऊ वर्षं मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होतो. वॉर्डात उपचार संपलेले आणि तरीही खाटेवर असलेले लोक रोज पाहत होतो. पाय कापलेला हमाल, मुलांनी नेलंच नाही अशी म्हातारी, गोळ्यांनी छान सावरलेला पण गावानं नाकारलेला तरुण. खाट अडते म्हणून सिस्टर वैतागतात, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) रोज विचारतात, आणि शेवटी माणूस केसपेपर हातात घेऊन गेटबाहेर जातो. महिन्याभरानं तोच परत येतो, जखम चिघळलेली असते किंवा गोळ्या सुटलेल्या असतात.

आम्ही पहिलं घर दुसऱ्या एका शहरात उभारलं. इमारत सुंदर झाली. करारात मात्र आम्ही लिहून बसलो की कोणाला घ्यायचं आणि कधी काढायचं हे रुग्णालय ठरवेल. त्यांनी जागा दिली होती, त्यामुळे आम्हाला ते रास्तही वाटलं. आठ महिन्यांत घराचा वॉर्ड झाला. पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले, तेव्हा आमच्या पॅसेजमध्ये सलाइनचे स्टँड आले. दारांवर नावांच्या जागी खाट क्रमांक लागले. तिथे दोन वर्षांसाठी आलेल्या एका मावशींना एका संध्याकाळी सांगितलं गेलं की उद्या खोली रिकामी करा, नवीन केस येतेय. त्यांनी तुळशीचं रोप डब्यात लावलं होतं. तो डबा छातीशी धरून त्या जिन्यात बसून राहिल्या. चूक आमच्या कागदाची होती. तेव्हापासून माझा नियम आहे की रुग्णालयानं माणूस सुचवावा, उपचार द्यावेत, पुन्हा दाखल करून घ्यावं, पण किल्ली राहणाऱ्याच्या गळ्यात आणि दुसरी घर चालवणाऱ्या संस्थेकडे. रुग्णालयाकडे तिसरी किल्ली नाही.

आता तुमच्या पन्नास खाटांच्या हॉलबद्दल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याचा निकष होता: दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानंसुद्धा सुमारे दीड हजार जणांसाठी निवारे हवे होते. निवाऱ्यांची गरज आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण रात्री अंग टेकायला जागा आणि राहायला घर या वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिककरांना धर्मशाळा नवी नाही. गाडगेबाबांनी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. मुंबईत त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांचे कुटुंबीय राहतात. नातेवाइकांच्या चार रात्रींचा प्रश्न तिथे सुटतो. तुम्ही म्हणताय ती माणसं मात्र सहा महिने, दोन वर्षं, काही जण कायमची राहतील. त्यांना दार बंद करता आलं पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात याचं एक छोटं, चालतं रूप आहे. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राला लागून माहेरघरं काढली गेली, गरोदर बाईनं दिवस भरण्याआधी येऊन राहावं म्हणून. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून आयत्या वेळी घाट उतरून येणं किती जिवावरचं असतं, हे तिथल्या लोकांना विचारा. त्या योजनेतला विचार मला फार मोलाचा वाटतो: उपचार जिथे आहेत तिथून चालत जाता येईल इतक्या जवळ, पण दवाखान्याच्या बाहेर, आपलं माणूस सोबत घेऊन. नावही बघा, माहेरघर. कक्ष क्रमांक नाही.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात किंग्ज काउंटी हे सरकारी रुग्णालय आहे. त्याच्या आवारातली जमीन दीर्घ भाडेपट्ट्यानं एका सेवाभावी संस्थेला दिली गेली आणि काम्बा गार्डन्स नावानं दोन टप्प्यांत २०९ आणि २९३ घरं उभी राहिली. त्यांचा पैसा, त्यांचे कायदे आपल्याकडे लागू नाहीत. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. सगळी घरं पूर्वी बेघर असलेल्यांना दिली नाहीत. बरीच घरं आसपासच्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिली. त्यामुळे त्या इमारतीकडे बोट दाखवून 'ती वेड्यांची बिल्डिंग' असं म्हणायला जागा राहत नाही. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं २०१५ पासून 'होम अगेन' या नावानं वेगळी वाट धरली. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहिलेल्या स्त्रियांना चार-पाच जणींच्या गटानं साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहायला नेलं, सोबतीला मदतनीस दिली. तुमच्याकडे पैसा कमी असेल तर मी तर म्हणेन, बांधकामाआधी वर्षभर म्हसरूळ किंवा हिरावाडीत दोन फ्लॅट भाड्यानं घ्या आणि हे करून बघा. त्या वर्षात तुम्ही जे शिकाल ते कोणताही सल्लागार शिकवणार नाही.

आता पैशाकडे येतो, कारण इथेच बहुतेक चांगले हेतू बुडतात. बांधकामाला पैसे मिळतात. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडे कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी, असतो, कोनशिलेवर नाव येतं म्हणून इमारतीला ते आनंदानं देतात. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. त्यात संस्थेला स्वतःच्या जागेवर बांधता येतं, आणि नवं बांधकाम तंत्र वापरलं तर चौरस मीटरला केंद्राचे ३,००० आणि राज्याचे २,००० रुपये अनुदान आहे. पण इमारत झाल्यावर रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? त्याला कोनशिला नसते.

मी तुमच्या जागेसाठी एक हिशोब मांडतो. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण पद्धत हीच ठेवा. समजा ३६ खोल्या. त्यातल्या २० रुग्णालयाकडून येणाऱ्यांसाठी, १६ साध्या भाड्यानं कक्षसेवक, नर्सिंगच्या मुली, कामगार अशांना. दिवसरात्र एक मदतनीस हवा, म्हणजे आठवड्याच्या २१ पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करतो, तेव्हा चार माणसं लागतात. तीन नाही, आणि 'रात्री वॉचमन बघेल' हेही नाही. चौघांचे महिन्याला ६४,००० रुपये. व्यवस्थापक २८,०००, समाजकार्य केलेली कार्यकर्ती २४,०००, आठवड्यातून तीनदा येणारी नर्स १०,०००. वीज, पाणी, लिफ्ट, सफाई ३२,०००. दुरुस्ती निधी १८,०००, आणि हा पहिल्या महिन्यापासून बाजूला काढायचा. एकूण १,७६,०००.

जमेच्या बाजूला १६ पैकी दोन खोल्या रिकाम्या धरून १४ खोल्यांचे पाच हजारांनी ७०,०००. उरलेल्या २० जणांपैकी बहुतेकांचं उत्पन्न संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये एवढंच असेल. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून जास्त भाडं मी कधी घेत नाही, म्हणजे माणशी ४५०, वीस जणांचे ९,०००. जमा ७९,०००. दर महिन्याला ९७,००० ची तूट, वर्षाला ११ लाख ६४ हजार. ही तूट सात टक्के व्याजावर भागवायची तर १ कोटी ६६ लाखांची ठेव लागते. ही रक्कम ऐकून घाबरू नका, पण ती जमल्याशिवाय किंवा कोणी तेवढी पाच वर्षं लेखी कबूल केल्याशिवाय भूमिपूजन करू नका. दात्यांकडे जाताना मी इमारतीचं चित्र नेत नाही, हा ताळेबंद नेतो.

आणि ४५० रुपये का घ्यायचे, फुकट का नाही, असं प्रत्येक विश्वस्त विचारतो. पावती मिळते म्हणून. पावती असलेला माणूस नळ गळतोय म्हणून हक्कानं तक्रार करतो. फुकट राहणारा गप्प बसतो.

पावतीसोबत करारही हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची म्हणजे तुमची. 'गरीब माणसं, कशाला एवढे सोपस्कार' म्हणून हे टाळू नका. करारात नूतनीकरणाची तरतूद ठेवा. खोली सोडायला सांगायची तर लेखी कारण, मुदत आणि ऐकून घेणारी समिती, असं स्पष्ट लिहा. एक वाक्य तर ठळक अक्षरात हवं: राहणारा रुग्णालयात दाखल झाला तर ९० दिवस त्याची खोली त्याचीच राहील. आजारी पडलो तर घर जाईल, ही भीती असलेला माणूस दुखणं लपवतो. मधुमेहाचे एक काका पायाची जखम तीन आठवडे मोज्यात लपवून हिंडत होते, का तर खोली जाईल. बोट गेलं, पाय थोडक्यात वाचला.

रुग्णालयाशी करायच्या सामंजस्य करारात त्यांनी काय द्यायचं, याबद्दल नेमकेपणा ठेवा. 'आवश्यक ते सहकार्य' हे शब्द खोडा. त्याऐवजी लिहा की घराच्या कार्यकर्तीसाठी एक ठरलेला अधिकारी फोनवर असेल, राहणाऱ्यांची औषधं एका ठरलेल्या दिवशी एकत्र मिळतील, रात्री पाठवलेला माणूस 'तुमच्याकडचाच ना' म्हणून तपासल्याविना परत धाडला जाणार नाही. उलट बाजूनं तुम्हीही लिहून द्या की त्रास देतो म्हणून कुणाला अपघात विभागात सोडून निघून येणार नाही. निवड तिघांनी करावी: समाजसेवा अधीक्षक, वॉर्डचे डॉक्टर आणि तुमची कार्यकर्ती. राहायला येणाऱ्यानं आधी खोली पाहावी, एक रात्र राहावं आणि मग हो म्हणावं. ही तयारी डिस्चार्जच्या दिवशी होत नाही. दाखल झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच 'घरी कोण आहे' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

सही कोणाची, हेही महत्त्वाचं. जिल्हा शल्यचिकित्सक (सिव्हिल सर्जन) बदलतात, आणि तीन वर्षांत तुमच्या ओळखीचं कोणी उरत नाही. म्हणून करार पदनामानं करा आणि आरोग्य उपसंचालक कार्यालयाची मान्यता घ्या. तुमची जागा स्वतःची आहे हे मोठं भाग्य आहे. सरकारी रुग्णालयाच्या आवारातली जमीन घ्यायची तर ती देण्याचा अधिकार सिव्हिल सर्जनना नसतो. फाइल सार्वजनिक आरोग्य विभाग, महसूल, सार्वजनिक बांधकाम अशी फिरते आणि त्यात वर्षं जातात. महापालिकेची जागा असेल तर महानगरपालिका अधिनियमात पालिकेची मालमत्ता देण्याबद्दल जे कलम ७९ आहे, त्याची वाट.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी जरूर बघा. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ च्या कलम १९ नुसार केवळ कुटुंब नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही म्हणून कुणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवून घेता येत नाही. समाजात राहण्याचा त्याचा हक्क आहे. कलम १८ मध्ये तर आधारासहित निवासाची सोय करणं सरकारचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. अधिकाऱ्यांसमोर बसताना ही कलमं हाताशी ठेवा, तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. पण याच कायद्यात मानसिक आरोग्य संस्थेची व्याख्या रुंद आहे. काळजीसाठी किंवा पुनर्वसनासाठी माणसं ठेवली जातात ती जागाही तिच्यात येऊ शकते. तेव्हा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला तुमच्या घराचं स्वरूप लिहून कळवा, नोंदणी लागते का याचं लेखी उत्तर घ्या. दुसरं, एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार एचआयव्ही आहे म्हणून घर नाकारता येत नाही. आमच्या प्रवेश-अर्जात आम्ही आजाराचं नावच विचारत नाही. आधार कोणता लागेल तेवढं विचारतो: गोळ्यांची आठवण, जिना चढायला मदत, डायलिसिसला ने-आण.

आता जागा. वाघाडीच्या बाजूला म्हणालात म्हणून पहिल्याच आठवड्यात नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि पूररेषेचा नकाशा काढा. सप्टेंबर २००८ चा पूर तुम्ही पाहिला असेल. गोदावरीतला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आपण पूर मोजतो, पण त्या दिवशी नाल्यांच्या काठची घरंही गेली. नकाशावरच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, जागा असेल तर हा विचार तिथेच थांबवा. निळ्या आणि तिच्यापलीकडच्या, मोठ्या पुराच्या लाल रेषेच्या मध्ये असेल तर जोत्याच्या उंचीच्या अटी लागतील, आणि चालता न येणारी माणसं तळमजल्यावर ठेवायची तुमची कल्पना सोडावी लागेल. आणखी एक, २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. शहरातले ठेकेदार, मजूर, खडी, सगळं त्या कामांकडे ओढलं जातंय. फ्लॅट भाड्यानं घेऊन सुरुवात करा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

नकाशाबद्दल फार लिहीत नाही, तो आर्किटेक्टचा विषय. दारं ९०० मिलिमीटर, रॅम्प बारास एक (बारा फूट लांबीला एक फूट चढ), फायरची यंत्रणा आणि दर जानेवारी-जुलैत द्यायचा तिचा दाखला, हे त्यांना माहीत असतंच. मी फक्त एका गोष्टीसाठी भांडतो. प्रत्येक खोलीत ओटा हवा. खर्च वाढतो, मेस स्वस्त पडते, हे सगळं मला मान्य. पण सुरगाण्याकडच्या एक आजी डायलिसिससाठी आमच्याकडे राहायला होत्या. मेसची पोळी त्या दोन घास खाऊन ठेवत. वजन उतरत चाललं, डॉक्टर काळजीत. शेवटी त्यांच्या खोलीत एक शेगडी दिली. पहिल्याच सकाळी त्यांनी नागलीचं पीठ काढलं, पाण्याच्या हातानं भाकरी थापली, आणि खिडकीत गोळ्यांचा डबा ठेवून आधी शेजारच्या खोलीतल्या पोरीला चतकोर नेऊन दिली. त्या पोरीनंच पुढे आजींची डायलिसिसची वेळ सांभाळली. ते काम आमच्या पगारी माणसाकडून तितक्या निगुतीनं झालं नसतं.

शेजाऱ्यांचा विरोध होईल, हे धरून चाला. भूमिपूजनाच्या पत्रिकेतून त्यांना कळलं तर तो दुप्पट होईल. आधीच घरोघरी जा, चहा घ्या, व्यवस्थापकाचा फोन नंबर द्या आणि कोणत्याही वेळी तो उचलला जाईल याची खात्री करा. आमच्या एका घराला सर्वांत कडाडून विरोध करणाऱ्या गृहस्थांनीच पुढे आईसाठी आमच्या नर्सला बोलावलं.

सोमवारी तुम्ही सिव्हिलला जाणार आहात असं लिहिलंय. तेव्हा भागीदारीचा प्रस्ताव नेऊ नका. समाजसेवा अधीक्षकांकडे बसा आणि फक्त एक यादी मागा, नावांशिवाय: उपचार संपूनही गेल्या तीन महिन्यांत खाटेवर राहिलेले किती, किती दिवस, आणि प्रत्येकाचं अडलं कशावर. भाड्यावर अडलेले, सोबतीवर अडलेले आणि घाटापलीकडून उपचाराला येणं जमत नाही म्हणून अडलेले, यांचा आकडा वेगवेगळा लिहून घ्या. वीस खोल्या कशा असाव्यात हे त्या कागदावरून ठरेल. ती यादी आणि झोन दाखला हाती आला की कराराचा मसुदा करा आणि मला दाखवा. मी ओळ न ओळ वाचून देईन.